तळावावरून आलेली पाहुणी

आमच्या घरात एक अख्खं वर्ष दुसऱ्याच कुणाची तरी कानबाई राहिली, आणि ती माझ्या हातून आली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट रंगवत बसायची सवय नाही. एका जागी फार वेळ बसायचीच सवय नाही. वर्गातसुद्धा मी खुर्चीवर टेकत नाही, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू असतात आणि पोरं माना फिरवून फिरवून दमतात.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आम्ही खानदेशी माणसं श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतो. कानबाई म्हणजे नारळ. पण दुकानातून आणला आणि बसवला असा नव्हे. आमच्या घरातला नारळ सासूबाईंच्या सासूच्याही आधीपासूनचा आहे. सासरे कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, कामाला म्हणून सुरतेला आले तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत कपडे आणि सासूबाईंच्या मांडीवर हा नारळ, असं त्यांचं बिऱ्हाड आलं. रविवारी त्याला चांदीचे डोळे लावायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवून पूजा करायची. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन पाण्यावर जायचं, दागिने उतरवायचे, पाच वेळा बुडवायचं आणि घरी परत आणायचं. बाकीचे लोक देव पाण्यात सोडून येतात. आमच्या घरचा देव आंघोळ करून परत येतो.

आणि रोट. कानबाईच्या नैवेद्याचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मोजतात, एका नावाला सव्वा मूठ. त्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, तोही राखी पौर्णिमेच्या आत संपवायचा. शेजारणीला द्यायचा नाही, मोलकरणीला द्यायचा नाही, गाईला घालायचा नाही. आमच्या घरात मूठ पडते ती पुरुषांच्याच नावाने. माझ्या नवऱ्याची पडते, दिराची पडते, दिराच्या दोन मुलांची ती जन्मल्या वर्षापासून पडते. माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, हॉस्टेलवर राहून नर्सिंग करते, तिची एकदाही पडली नाही. मी दर वर्षी ते बघायचे आणि गॅसची शेगडी नको इतकी घासायचे.

पूर्वी सासूबाई तापीवर जायच्या. मग तापीत विसर्जन बंद झालं, आम्हीही लिंबायतची खोली सोडून डिंडोलीला राहायला आलो, आणि कानबाई तळावावर जायला लागली. सुरतेत तळ्याला सगळे तळावच म्हणतात, आम्हीही म्हणतो. सासूबाईंना ते पाणी कधीच पटलं नाही. "बठेल पानी शे ते," त्या म्हणायच्या. बसलेलं पाणी. "जे चालत नही, ते काय लई जाई?" जे चालत नाही ते घेऊन काय जाणार?

मी भूगोल शिकवते, पालिकेच्या मराठी शाळेत. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला पाण्याचा साठा म्हणजे सरोवर, हे मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की झोपेतही लिहीन. जमीन खचून झालेली सरोवरं, लोणारसारखी आभाळातून दगड पडून झालेली, नदीने वळण टाकून दिल्यावर मागे उरलेली. एकदा एका मुलीने विचारलं, मॅडम, आपलं तळाव यातल्या कुठल्या प्रकारचं? मला सांगता येईना. मी संध्याकाळी तळावावर गेले आणि बाकावर बसलेल्या एका गुजराती आजोबांना विचारलं. ते डिंडोलीचे मूळचे. म्हणाले, "खाडो हतो, बेन. पाणी भरातुं." खड्डा होता, पाणी भरायचं. गाव त्याच्याकडेला वसलं, म्हशी तिथे बसल्या, लग्नाच्या वराती तिथे थांबल्या. आता कठडा आहे, चालायला फरसबंदी आहे, व्यायामाची यंत्रं आहेत. तरी खड्डा आहे आणि पाणी भरतं, हे काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच सांगितलं आणि पोरं हसली.

तर त्या सोमवारी काय झालं ते. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून पहिल्यांदाच पाण्यात उतरायचं काम माझ्याकडे आलं. त्या वरच्या पायरीवर चांदीचे डोळे आणि नथ पदरात बांधून बसल्या. घरून निघतानाच म्हणाल्या होत्या की पुढल्या वर्षापासून सगळं तूच कर, मोजणंसुद्धा. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. तीस वर्षं गहू मोजायच्या ज्या सुपाकडे मी नुसती बघत होते ते माझ्या हातात येणार होतं.

ओवाऱ्यावर, म्हणजे तळावाच्या घाटावर, ही गर्दी. खालच्या पायरीवर शेवाळ होतं. मी तिसऱ्यांदा बुडवायला वाकले आणि पाय सटकला. शेजारी एक बाई तिची कानबाई बुडवत होती. तिने मला दंडाला धरलं नसतं तर मी कंबर मोडून घेतली असती. मला धरायला तिने हातातलं सोडलं आणि मी तर केव्हाच सोडलं होतं. दोन नारळ पाण्यावर शेजारी शेजारी डुलत पुढे गेले. जुना नारळ आतून वाळलेला असतो, बुडत नाही. नदी असती तर गेले असते. इथे ते दहा हातांवर जाऊन नुसते थांबले.

नारिंगी जाकिटातला पालिकेचा पोहणारा गेला आणि त्याने दोन्ही काढून आणले. "लो बेन, जल्दी करो, पीछे लाइन है." एक तिच्या हातात दिला, एक माझ्या. दागिने उतरवलेले, दोन्ही ओले, दोन्ही काळे. मी बघितलं, तिनेही बघितलं. मागून रेटारेटी सुरू होती. मी हातातला नारळ राहिलेल्या वेळा बुडवला आणि वर आले. तिचा चेहरा मी नीट पाहिलासुद्धा नाही. लक्षात राहिला तो मला धरणारा हात. मनगटाच्या वर विंचू गोंदलेला होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी नारळ मांडीवर घेतला. पुसला. मग कानाशी नेऊन हलवला. आमच्या नारळात खोबऱ्याचा गोळा सुटून कधीचा वाळला आहे, हलवला की खुळखुळतो. लहानपणी माझी मुलगी त्याला देवबाप्पाचा खुळखुळा म्हणायची आणि मार खायची. सासूबाईंनी दोनदा हलवला, तीनदा हलवला.

"हाई आपली नही," त्या म्हणाल्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की गप्प बसावं. पण माझं डोकं तापलं. मी म्हटलं, पाण्यात पडला होता, भिजलाय, वाळला की वाजेल. मी म्हटलं, आई, तुम्हाला माझ्या हातचं काहीच पटत नाही. मी आणखी बरंच काही म्हटलं. वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी देवघराच्या खालच्या पायरीवर एक वेगळा पाट मांडला, त्यावर तो नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं आणि पाणी ठेवलं. आमच्या कानबाईच्या जागेवर काहीच ठेवलं नाही. चांदीचे डोळे आणि नथ डबीत गेले.

"पाहुनी शे," त्या म्हणाल्या. "पाहुनीले उपाशी ठेवानं नही. पन घरनी करानी नही."

आठ दिवस नारळ वाळला. पंधरा दिवस वाळला. मी कुणी नसताना हलवून बघायचे. वाजत नव्हता. एक महिन्याने मी स्वतःच जाऊन सांगितलं की तुमचं खरं आहे, चुकलं माझं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुढला साल आपली माय घर उनी नही, तं ह्या घरमा मी रोट करस नही. आन कोनले करू बी देस नही."

कानबाई घरी आली नाही तर रोट बंद, हे ऐकून माझा नवरा म्हणाला, बरं झालं, एक काम कमी. तो डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे, त्याला सगळी कामं कमी झालेली हवी असतात. मुलगी म्हणाली, "मम्मी, नारळच आहे ना." मला दोघांचाही राग आला. बंद पडलेले रोट सहजी पुन्हा सुरू होत नाहीत, असं आमच्यात मानतात. सासरे ज्या गावातून निघाले तिथे आता आमचं घर नाही, शेत नाही, ओळख दाखवणारं कुणी नाही. पेटीसुद्धा गंजली. एवढी एकच गोष्ट तिथून इथवर आलेली, ती तीस वर्षांत एकदा माझ्या हातात दिली आणि मी ती पाण्यात सोडून आले. नेमकी मीच, फटकळ तोंडाची. मला झोप लागेना, जेवण जाईना, वर्गातल्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या की मुख्याध्यापकांनी विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना.

मग मी शोधायला लागले. विंचू गोंदलेला हात, एवढीच खूण. सुरतेत हे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. दर रविवारी भाजी घेऊन झाली की मी तळावावर जाऊन उभी राहायचे. बाकं होती, पण बसायला जमत नसे. कठड्याच्या कडेने मी फेऱ्या मारायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची मनगटं बघायचे. त्या एका वर्षात मी ते तळाव जितकं पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. गणपती आले, मोठे नेले दुसरीकडे, पण घरोघरचे छोटे कुणी कुणी हळूच इथेच बुडवले. छठला बिहारी बायका नाकापासून शेंदूर ओढून पहाटे गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. तासभर उभ्या, एकीचाही पाय हलत नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा कडेच्या चिखलात सगळ्यांचं सगळं एकत्र दिसलं. चुनऱ्या, मातीचे हात, फुटक्या करवंट्या, दिव्यांच्या पणत्या. कुणाचं काय ते सांगता येत नव्हतं. तापीत घातलेलं कुठे जातं ते आपण बघत नाही म्हणून आपलं मन शांत राहतं. तळाव सगळं इथेच ठेवून घेतं आणि वर्षातून एकदा दाखवतं. सासूबाई पाण्याला बसलेलं म्हणून नावं ठेवत होत्या, पण मला वाटायला लागलं की जरा जास्तच लक्षात ठेवणारं पाणी आहे हे.

तळावावर काही हाती लागेना म्हणून मी शेजारच्या नवागामच्या खानदेशी वस्तीत, गल्ल्यांतून विचारत फिरले. आता विचारायचं तरी काय? मावशी, तुमची कानबाई तुमचीच आहे का? पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा एका बाईने हातातला झारा तसाच धरून मला दारापर्यंत आणून सोडलं. "मास्तरीणबाई, तुमच्या घरात देव नाही का?" दुसरी म्हणाली, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. तिसरीने चहा दिला, पण तिचा हात कोरा होता. मी घरी येऊन सासूबाईंना काही सांगत नसे. त्या विचारतही नसत. फक्त रविवारी मी परतले की त्या आधी माझ्या पिशवीकडे बघायच्या.

आषाढ संपत आला. गहू मोजायची वेळ जवळ आली आणि सासूबाईंनी सूप काढलं नाही. तेव्हा मला एक गोष्ट सुचली, आणि ती आधी का सुचली नाही म्हणून मी स्वतःवरच चरफडले. कानबाईचे गहू कुणी नेहमीच्या दळणात दळत नाही. नवागामात एक गिरणीवाला त्यासाठी दोन दिवस राखून ठेवतो. गिरणी धुऊनपुसून घेतो आणि त्या दोन दिवसांत दुसरं काही दळत नाही. आसपासच्या सगळ्या खानदेशी बायका तिथेच जातात. मी शाळेत रजा टाकली, पाहुणीला पिशवीत घेतलं आणि पहिल्या दिवशी सकाळपासून गिरणीच्या दारात उभी राहिले. हात बघत. किती हात पाहिले. तुळस गोंदलेले, नवऱ्याची अक्षरं गोंदलेले, नुसते ठिपके. दुसऱ्या दिवशी दुपारी एका हाताने डबा उचलून गहू चक्कीत ओतले आणि मनगटाच्या वर विंचू होता.

मी तिला धरलंच. तिने मला धरलं होतं तिथेच, दंडाला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"चाला, घर चाला," ती एवढंच म्हणाली.

तिची खोली लूमच्या कारखान्याच्या वर होती. खालून खटखट चालू, जमीन पायाला थरथरत होती. एका बाजूला देवघर, एका बाजूला छताच्या आढ्याला बांधलेली साडीची झोळी. झोळीत काहीतरी हललं. मी पिशवीतून त्यांचा नारळ काढला. वर्षभर आमच्याकडे राहिलेली पाहुणी मी नीट टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. समोर ठेवला. तिने त्याला आधी हात जोडले.

"मले मालूम व्हतं," ती म्हणाली. "पहिला दिवसलेच." मग हळूहळू बोलली. तिची सासू केव्हाच वारलेली, ओळखणारं दुसरं कुणी नाही, म्हणून ती गप्प राहिली. शोधायचं मनात होतं, पण कुठे शोधणार. आणि मग गणपतीनंतर सुनेला दिवस गेले. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दवाखाने झालेले, बाबा-बुवा झालेले, मुलाला दुसरं लग्न कर म्हणणारे नातेवाईक झालेले. आणि तुमची कानबाई घरात आल्यावर ही झाली, असं म्हणून तिने झोळीकडे हात केला. मुलगी होती. कालच सव्वा महिन्याची झाली.

मी झोळीत वाकून पाहिलं. ती म्हणाली, "तुमनी शे. लई जा. मी नही म्हनाव नही." आणि तेवढ्यात तिची सून आतून आली. पंचविशी-तिशीची, अंगावर सैल गाऊन, डोक्याला रुमाल बांधलेला. तिने झोळीतून पोर उचललं, छातीशी धरलं आणि देवघरासमोर येऊन उभी राहिली. माझ्या आणि आमच्या कानबाईच्या मधोमध. माझ्याकडे बघितलंही नाही. नुसती उभी राहिली.

मी म्हटलं, मला एकदा फक्त हलवून बघू दे. ती सरकली नाही. सासूने तिच्या खांद्यामागून नारळ काढून माझ्या हातात दिला. मी कानाशी नेला. खालच्या खटखटीत ऐकू येईल की नाही अशी भीती होती. पण हातालाच कळलं. आतला गोळा इकडून तिकडे गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला, कारण मी तो नारळ घेऊन सरळ निघायला आले होते आणि माझे पाय निघत नव्हते. ती बाई पोर घेऊन माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मी नारळ जिथल्या तिथे ठेवला. आमची पाहुणी पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळली. पायऱ्या उतरून रिक्षात बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की चपला उलट्या घातल्यात.

घरी सासूबाई दारातच खुर्चीवर होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

मी सगळं एका दमात सांगितलं. उभ्यानेच. सापडली, हलवून बघितली, आपलीच आहे, आणली नाही. का नाही ते सांगितलं. मी म्हटलं, आता तुम्हाला रोट बंद करायचे तर करा, मला काय बोलायचं ते बोला, पण मी ती त्या पोरीसमोरून उचलून आणणार नाही. माझा आवाज चढला होता. शेजारचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं.

त्यांनी पिशवीवरची नजर काढली. मग विचारलं, "आंडोर का आंडेर?"

"मुलगी," मी म्हटलं.

"तठे कशी शे ती? आपली माय?"

"बरी आहे. देवघर स्वच्छ आहे. रोज फूल घालतात."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या आणि गव्हाचा डबा आणि सूप घेऊन आल्या. जमिनीवर बसल्या. मला काय चाललंय ते कळेना. त्यांनी मोजायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन सव्वा मूठ. दिराचं नाव घेऊन सव्वा मूठ. त्याच्या दोन मुलांची नावं घेऊन. मग त्या थांबल्या, मूठ भरली आणि म्हणाल्या, "ती पोरनं नाव काय ठेवं?"

"अजून ठेवलं नाही."

"ऱ्हाऊ दे." त्यांनी मूठ सुपात सोडली. "आपली कानबाईनी दिधी. आपलीच शे."

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. जे इतकी वर्षं शेगडीवर घासत आले होते ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "आई, सव्वा महिन्याची परकी पोर, नावसुद्धा नाही तिला, तिची मूठ पडते. माझी मुलगी बावीस वर्षं या घरची आहे. तिची एकदा तरी टाकलीत?" मी हे इतक्या वर्षांत कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्या काहीतरी आठवत असाव्यात असं वाटलं.

"मनी बी मूठ कधी कोनी टाकी नही," त्या म्हणाल्या. "साठ सालमा."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. "आते तू मोज. तुले सांगेल व्हतं ना."

मी खाली बसले. मुलीचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकली. मग सासूबाईंचं नाव घेतलं. सासऱ्यांनीसुद्धा हयातीत माझ्यासमोर त्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, मला ते रेशनकार्डावरून माहीत होतं. नाव ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि मी सूप बाजूला ठेवायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने डब्यातून मूठ भरली आणि माझं नाव घेतलं. त्यांची मूठ आता लहान झाली आहे, म्हणून दोनदा टाकली.

रविवारी पाहुणीला आमच्या चौरंगावर बसवलं, आमचे चांदीचे डोळे, आमची नथ. सोमवारी तळावावर ती नवागामची बाई आमची कानबाई घेऊन आली. आम्ही दोघी खालच्या पायरीवर एकमेकींचा दंड धरून उतरलो आणि पाचही वेळा नीट बुडवलं. सासूबाई वरून बघत होत्या. पाण्याला नावं ठेवली नाहीत.

त्या वर्षी रोट फार झाला. नेहमीपेक्षा चार माणसांचा जास्त, आणि खाणारी तोंडं तीच. दीर आपला वाटा घेऊन गेला, मुलीने हॉस्टेलवर नेला तो एकटीने खाईन असं वचन देऊन, तरी डब्यात उरला. पौर्णिमेला दोन दिवस राहिले. सासूबाईंनी उरलेला रोट स्टीलच्या डब्यात भरला, वर गुळाचा खडा ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला. कुठे ते सांगितलं नाही.

मी नवागामला गेले. दार सुनेने उघडलं, पोर तिच्या कडेवर होतं. मला पाहिल्याबरोबर ती दोन पावलं मागे गेली आणि पुन्हा देवघरासमोर जाऊन उभी राहिली. मी डबा पुढे केला. तिने झाकण उघडून पाहिलं, आणि ती खानदेशचीच, तिला काय आहे ते लगेच कळलं. हा बाहेर कुणाला देत नाहीत, ती हळूच म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "म्हणून तर आणला." आणि मी तिच्या घरात, खाली जमिनीवर बसले.